घायपाताचा धूर

नोकरीभर मी रोज सकाळी दारू तोंडात घेतली आणि नोकरीभर एक घोट गिळला नाही. हे ऐकलं की पुरुष हळहळतात आणि बायका संशय घेतात. रिसोडला आमच्या गल्लीत शेंगा सोलत बसलेल्या एकीने तर तोंडावर विचारलं, "चुकून कधी गेली नसंल का वो पोटात?" मी म्हटलं, "चुकून जायले तो काय लाडू हाये?" त्यानंतर त्या बाईने माझ्याकडे विरजण मागणं बंद केलं.

दारूच्या कारखान्यात चव बघायला माणूस लागतो. यंत्र दारूची ताकद सांगतं, त्यात विषारी काही आहे का तेही सांगतं. पण ती प्यावीशी वाटेल का, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी कोणाचं तरी नाक आणि कोणाची तरी जीभ पगारावर ठेवावी लागते. माझी ठेवली होती. सकाळी, न जेवता, केसांना तेल न लावता, उदबत्तीच्या वाऱ्याला न जाता कामावर बसायचं. तोंडाशी निमुळता होत गेलेला काचेचा पेला घ्यायचा, त्यात थोडं पाणी घालायचं, म्हणजे दारूची आग खाली बसते आणि वास मोकळे होतात. आधी नाक, मग जीभ, मग थुंकायचं. थुंकणं महत्त्वाचं. न थुंकणारे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्याच दारूला छान म्हणू लागतात.

मला ही नोकरी लागली तेव्हा मी वाशिमच्या कॉलेजातून नुकती बी.एस्सी. होऊन बाहेर पडलेली, जरा जास्तच इस्त्री केलेली मुलगी होते. मराठवाड्यातल्या एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागेन असं घरच्यांना वाटलं होतं. माझ्या आईची त्याला हरकत नव्हती. पुढे खरं काम कळलं तेव्हा पंचाईत झाली. आमच्या घरी सकाळी त्रिशरण-पंचशील व्हायचं, आणि दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की आई डोळे उघडून माझ्याकडे बघायची.

मी शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणायचे, "आई, मी पीत नाही. मी तपासते."

"मंग तोंडात कायले घेतं? डॉक्टर काय गोया खाऊन तपासते का?"

यावर मी इंग्रजीत काहीतरी बोलायचे. त्या काळी उत्तर नसलं की मी इंग्रजीत बोलत असे. कारखान्यातही तेच. कुठल्याशा पुस्तकातून शब्द पाठ केले होते आणि कुठलाही पेला पुढे आला की डोळे मिटून म्हणायचे, "हिरवं सफरचंद." आमचे मोठे केमिस्ट, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, त्यांनी महिनाभर ऐकून घेतलं. मग एक दिवस विचारलं, "पोरी, हिरवं सफरचंद खाल्लंस कुठे?"

खाल्लं नव्हतं. बघितलंसुद्धा नव्हतं. वाशिमच्या बाजारात लाल सफरचंदच यायचं आणि तेही कोणी आजारी पडलं तर. दादासाहेब म्हणाले, "जे हुंगलं आहेस तेवढंच सांग. नसेल सापडत तर गप्प बस." त्या दिवसापासून माझ्या नोंदींत कडबा आला, उडदाच्या पापडाची लाटी आली, सुपारीचा पितळी डबा आला, पावसात भिजलेली शेळी आली. शेळी खरंच आली होती. ती सबंध टाकी त्यांना बाजूला काढावी लागली.

त्या नोकरीतून निवृत्त होऊन मी रिसोडला परतले, ते नाक आता फक्त फोडणीला वापरायचं असं ठरवून. तेवढ्यात अभिजित आला.

अभिजित आमच्या ओळखीतला मुलगा. पुण्यात इंजिनिअर होता, तिथलं सोडून किन्हीराजाजवळच्या माळावर त्याने छोटी भट्टी टाकली होती, रीतसर परवाना घेऊन. दारू कशाची, तर घायपाताची. घायपात आपल्याकडे कोणी लावत नाही, ते असतं. धुऱ्यावर असतं, नाल्याच्या काठाला असतं, गुरं आत येऊ नयेत म्हणून असतं. जुनी माणसं त्याच्या पानांचा वाख काढून दोर वळायची. त्यापलीकडे त्याला कोणी विचारत नव्हतं. तिकडे मेक्सिकोत मात्र याच कुळातल्या झाडाचा गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात आणि त्याची धुरकट दारू काढतात, आणि जगभरचे लोक तिच्यासाठी रांग लावतात. त्यांचं नाव आपल्याला लावता येत नाही, ते त्यांच्याच मुलखाचं. अभिजितने बाटलीवर नुसतं 'घायपात' लिहिलं होतं.

"मावशी, एकदा नाक लावून पाहा," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरातला काचेचा पेला घेतला, पाणी घातलं आणि हुंगलं. मग खुर्ची ओढून बसले.

आधी धूर आला. पण चुलीचा, डोळे चोळायला लावणारा नव्हे. शेतात हुरडा भाजून झाल्यावर आगटी विझत आलेली असते, राख अजून ऊन असते, त्या राखेवर हात धरला की तळहाताला जो वास राहतो, तो. त्याच्या मागून भाजलेलं रताळं, साल थोडी करपलेलं. मग गुळाच्या ढेपेची खालची, कपड्याला चिकटलेली बाजू. आणि हे सगळं सरलं असं वाटतं तोवर घायपाताचं पान मोडल्यावर येतो तो हिरवा, कच्चा, जरासा रागीट वास. एवढ्या आगीतून जाऊनही झाडाने आपला स्वभाव सोडला नव्हता. आयुष्यभर मी मळीपासून काढलेली दारू तपासली, तिला रंग लावला, वास लावले, नाव लावलं. ही अंगावर काहीही न लावता आली होती. पाण्यासारखी स्वच्छ, आणि आत सगळा माळ.

मी घोट तोंडात घेतला आणि थुंकले, पण खरं सांगते, उशिरा थुंकले.

"कोणी भाजलंय हे?" मी विचारलं.

"कौसाबाईंनी."

दुसऱ्या दिवशी जीप पकडून किन्हीराजाला गेले. कौसाबाई माझ्याहून बरीच लहान, काटक, बोलताना समोरच्याकडे न बघता आगीकडे बघणारी. ती आणि तिचा नवरा आधी वीटभट्ट्यांवर जायचे. दर हंगामाला नवा मुलूख, नवी झोपडी. इथे पहिल्यांदाच तिला स्वतःच्या गावात काम मिळालं होतं, रात्री स्वतःच्या घरात भाकरी खाता येत होती, आणि खड्ड्यावरच्या बाकी बाया तिच्या शब्दावर चालत होत्या. हे तिने मला सांगितलं नाही. त्या बाया तिला "कौसाबाई, आता?" असं विचारायच्या, त्यावरून कळत होतं.

घायपाताला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. मधून खांबाएवढा दांडा निघतो, त्यात झाड आपली सगळी साखर ओततं आणि मरतं. म्हणून दांडा वर यायच्या आत तो छाटायचा, साखर खाली गड्ड्यात थांबवायची. मग पानं तासून काढायची. उरतो तो मोठ्या अननसासारखा गड्डा. जमिनीत खोल खड्डा, तळाला बाभळीचे ओंडके, त्यावर काळे दगड. दगड लाल झाले की गड्डे रचायचे, वरून ओली पोती अंथरायची, पोत्यांवर माती लोटायची आणि धूर कुठूनही निसटत नाही ना ते बघत बसायचं. काही दिवसांनी उघडलं की आतला पांढरा, जीभ खाजवणारा गड्डा तपकिरी आणि मऊ झालेला असतो. तो ठेचायचा, पाण्यात आंबवायचा आणि तांब्याच्या भांड्यातून दोनदा उतरवायचा. इथे एक सांगून ठेवते. 'पहिल्या धारेची' म्हणून लोक मिशा पिळतात, पण पहिली धार पिण्याची नसतेच. ती डोळ्यांवर आणि डोक्यावर जाते. शहाणी भट्टी पहिली धार फेकते, शेवटची बाजूला काढते आणि मधली ठेवते.

मी पेला तपासून थुंकले तसं कौसाबाईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"काहून थुकता वो बाई? आमी इतकं जीव लावून भाजतो अन तुमी थुकून देता."

"थुकलं नाही त उद्या येता येणार नाही मले."

"मंग थुका," ती म्हणाली. "पण जरा तिकडं थुका. इकडं माये गड्डे हायेत."

अशी मी निवृत्तीनंतर पुन्हा नोकरीला लागले. गिऱ्हाईकं एकेक नमुने. पुण्याचा एक हॉटेलवाला आला, त्याने खिशातून लिंबू आणि मिठाची पुडी काढली. चव घ्यायच्या आतच चव मारायची तयारी. एका लग्नघरच्या माणसाने बाटली परत आणली, म्हणाला, "मावशी, ही करपली आहे, बदलून द्या." मी त्याला समजावलं की ती करपवण्यासाठीच आम्ही एवढे राबतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आमच्याकडे लोक तिखट कमी पडलेल्या रश्शाचं समर्थन करणाऱ्या सुनेकडे बघतात.

दुसऱ्या वर्षी घोटाळा झाला.

दिवाळीनंतरची पहिली खेप उतरली. मी नाक लावलं आणि पेला खाली ठेवला. धूर होता, रताळं होतं, आणि त्या सगळ्यावर एक पातळ, चिकट तवंग. मला कॉलेजातली इस्त्रीवाली मुलगी आठवली. तिने इथे सात इंग्रजी शब्द वापरले असते. मी म्हटलं, "शिलाई मशीनचं तेल."

अभिजितचा चेहरा पडला. त्याने पंप उघडला, नळ्या बदलल्या, जनरेटर लांब नेऊन ठेवला. तांब्याचं भांडं चिंचेने घासलं. माझा संशय लाकडावर होता. ओंडके ट्रॅक्टरवरून येतात, ट्रॅक्टर म्हटला की डिझेल आलंच. कौसाबाई काही न बोलता बैलगाडीतून लाकूड आणायला लागली. नवी खेप उतरली. तेल तसंच.

आता अभिजितचा धीर सुटला. मुंबईहून एक मॅडम यायच्या होत्या. मोठमोठ्या हॉटेलांसाठी त्या दारू निवडतात, होळीच्या आधी येणार होत्या. त्यांना आवडली तर भट्टी उभी राहणार होती. तो म्हणाला, "मावशी, मी बॉयलर मागवतो. गड्डे वाफेवर शिजवू. खड्डा बंद. धूर नाही तर वास नाही."

"अन कौसाबाई?"

तो पायाने माती उकरत राहिला. "बॉयलरला एकच माणूस लागतो, तोही परवान्याचा. एक खड्डा अजून लावू. त्यातही तेल निघालं तर मी बॉयलरवाल्याला हो म्हणतो."

कौसाबाई तिथेच होती. तिने ऐकलं आणि दगड रचायला गेली.

मी मात्र चिडले होते, आणि बॉयलरपेक्षा जास्त स्वतःवर. वाफेवर शिजलेला गड्डा म्हणजे उकडलेलं रताळं. वाईट नसतं. पण त्यासाठी कोणी शेतात जात नाही.

हा खड्डा उघडायच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने निघाले. आतापर्यंत मी पेल्यात आलेलं तपासत होते. म्हटलं, आज पेल्याच्या आधी जाऊ. माती बाजूला केली, पोती उचलली, वाफ उडाली. मी पदर खोचला आणि खड्ड्याच्या काठावर पालथी पडून आत डोकं घातलं. मागून बाया हसायला लागल्या.

"बाई, पडसान त तुमालेई भाजू आमी," एकजण म्हणाली.

"जून हाये मी. शिजायची नाही," मी आतून म्हटलं.

मी वरच्या थरातला तुकडा मागितला, मधल्या थरातला, आणि अगदी तळाचा, दगडांना लागून असलेला. तळाचा तुकडा चघळला. गोड, धुरकट, अप्रतिम. मधला ठीक. वरच्या तुकड्यात शिलाई मशीन.

मी पुन्हा चघळून बघितलं. लाकडातून तेल आलं असतं तर तळाला जास्त असतं. हे वरून येत होतं. वर काय होतं, तर पोती. मी एक पोतं ओढून नाकाला लावलं. ऊन, ओलं, कोरं, अजून कडक पोतं. ताग कातणारे कारखाने धागा नरम करायला त्याला तेल पाजतात. कोरडं असताना ते जाणवत नाही. भिजवून तापलेल्या गड्ड्यांवर अंथरलं की वाफ वर जाते, पोत्यात शिरते, तेल घेते आणि थेंब थेंब खाली टपकते. गेल्या वर्षी मी पाहिली होती ती पोती जुनी होती, सोयाबीन भरून, धुऊन, उन्हात पडून मऊ झालेली.

"ही पोती नवी हायेत का?" मी विचारलं.

बायांनी कौसाबाईकडे पाहिलं. कौसाबाईने फावडं खाली ठेवलं.

"मीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "रिसोडाहून कोरं बारदान आणा मनलं. मागच्या साली फाटके पोते टाकले होते, ठिगयं लावलेले. इतकं चांगलं निंगालं. म्या मनलं, पुढच्या टायमाले असं फाटकं कशाले पांघरायचं त्याले? देवीले नवं लुगडं नेसवतो ना आपण."

खड्ड्यावर नवं पांघरूण घालणारी ही एकटीच बाई असेल, आणि त्या पांघरुणानेच तिचा खड्डा बुजायला आला होता.

मी म्हटलं, "तुया हात चुकला नाही. कपडा चुकला."

"कपडा कोणी निवडला?"

"मी लाकडावर संशय घेतला तवा तू मले काही म्हटलं का?"

"मनात म्हटलं," ती म्हणाली. तशी आधी मागची बाई हसली, मग मी.

वरचे दोन थर आम्ही फेकले. अभिजितला समजावलं की तळाचं चांगलं आहे आणि अजून एक खड्डा हवाच. गेल्या वर्षीची पोती संपली होती, आता जुनी मिळणार ती बाजारात फिरलेली, कशात युरिया भरलेला, कशात काय. कौसाबाई माळावर बघत होती. थंडी सरत आली होती, पळसाची पानं जाड आणि खरखरीत झाली होती, एका वाऱ्यात गळतील अशी.

"पत्रावळीवर ऊन भात वाढला त वास येते का?" तिने मला विचारलं.

"येते. चांगला येते."

"मंग झालं."

त्या आठवड्यात बायांनी माळावरचे पळस पिंजून काढले. पानांवर पानं, त्यावर ज्वारीचा कडबा, त्यावर माती. कौसाबाई खड्ड्याजवळून हलली नाही. घरून डबा यायचा तो तिथेच खायची आणि माती कुठे भेगाळली की ओल्या हाताने लिंपायची. अभिजित लांबून बघायचा. बॉयलरवाल्याचा फोन आला की भिंतीआड जाऊन बोलायचा.

मॅडम आल्या त्या दिवशी माळावरच्या पळसांना एक पान उरलं नव्हतं, नुसती लाल फुलं. मॅडम साध्या होत्या, कमी बोलणाऱ्या. दागिने नाहीत, अत्तर नाही. अत्तर नाही हे बघूनच मी निम्मी जिंकली गेले. त्यांनी पेला घेतला, पाणी घातलं, तोंड थोडं उघडं ठेवून हुंगलं. एक थेंब तळहातावर चोळला, तो वाळू दिला आणि हात पुन्हा नाकाशी नेला. दारू उडून जाते, झाड मागे राहतं. असे हात मी फार दिवसांनी बघत होते. कौसाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि त्या बाईच्या तोंडाकडे असं बघत होती, जसं आई पंगतीत पहिला घास घेणाऱ्या पाहुण्याकडे बघते.

मॅडमनी एक घोट जिभेवर फिरवून थुंकला. मग म्हणाल्या, "धुराच्या खाली काहीतरी आहे. पानासारखं. गरम पानासारखं. हे मी कुठेच चाखलेलं नाही."

मी त्यांना पत्रावळीवरचा ऊन भात सांगितला. त्यांनी तसंच लिहून घेतलं. सगळी खेप नेते म्हणाल्या, आणि पुढची केव्हा मिळेल ते विचारलं. पण अशीच हवी, याच वासाची.

अभिजितच्या अंगात आलं. "लगेच लावू मॅडम. पुढच्या आठवड्यात खड्डा पेटतो."

"नाही पेटत," दारातून आवाज आला.

सगळे तिकडे वळले. कौसाबाईने बोट बाहेर केलं, लाल झालेल्या, उघड्या झाडांकडे.

"पळसाले पानं कुठं हायेत? पानं येऊ द्या, मोठी होऊ द्या, मंग पाहू."

"तोवर दुसरं काही झाकलं तर?" अभिजित म्हणाला.

कौसाबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. अभिजितने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी हातातला पेला पुन्हा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "आम्ही थांबू."

"अन खड्डा तसाच उघडा हाये," कौसाबाई त्याला म्हणाली. "बकऱ्या पडतीन. त्याच्यावर पत्रा टाकून घ्या."

अभिजित पत्रा आणायला गेला.